बेंजोवाल्याची स्वस्तातली गिटार

स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे सरपण, असं मला बारामतीच्या दुकानात एका दाढीवाल्यानं तोंडावर सांगितलं. मी म्हणालो, "सरपण बी ज्याला पेटवता येतं त्याच्याच कामाचं." तो हसला. मला हसू आलं नाही. माझी बायको जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते आणि मी दुकानात गंमत करायला गेलो नव्हतो.

मी शिकलेला नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटली. हे लिहितोय ते सूनबाईच्या वहीत. शुद्धलेखन ती बघते. तिला बजावून ठेवलंय, काना-मात्रा तुझ्या, बोलणं माझं, बोलण्याला हात लावायचा नाही.

सणसरला माझं घर, थोडा ऊस. पण तालुक्यात मला उसामुळं कुणी ओळखत नाही. तीस-बत्तीस लग्नसराया मी बेंजो पार्टीत बेंजो वाजवला. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाची लांबट पेटी, आत एकाच सुरात लावलेल्या तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. पेटीत कॉइल बसवलेली, तिची वायर ॲम्प्लिफायरला, त्याला आम्ही मशीन म्हणतो, आणि कर्णे टेम्पोच्या टपावर. भवानीनगरपासून बावड्यापर्यंत एक गाव नसेल जिथं माझ्या बेंजोपुढं वरात नाचली नाही. पुढं डीजे आले, पार्टी मोडली, बेंजो माळ्यावर गेला. त्याचं मला दुःख नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची वरात, हे आम्हीच लोकांना शिकवलं होतं.

बायको पौषात गेली. कशानं गेली ते लिहीत नाही. दवाखान्यातलं सगळ्यांच्याच घरी होऊन गेलेलं असतं.

ती भाकरी थापताना एक चाल गुणगुणायची. शब्द फारसे नसायचे, नुसता सूर. तिच्या आईकडून आलेली चाल. परातीवर हाताची थाप पडायची आणि त्या थापेवर ती चाल चालायची. इतकी वर्षं ती माझ्या कानावर पडली. ऐकली असं म्हणायला जीभ रेटत नाही. ती गेल्यावर तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी ती चाल मनात म्हणायला बसलो, तर मधला तुकडा सापडेना. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी गेली. घरातले मोबाइल धुंडाळले. तिचे फोटो पुष्कळ. बारशातले, लग्नातले, शेतातले. आवाज एकाही ठिकाणी नाही. दुसऱ्यांच्या वराती मी जन्मभर वाजवल्या आणि घरातली चाल जपून ठेवली नाही. आता ती चाल गेली असती तर बायको दुसऱ्यांदा गेली असती, आणि या खेपेला दवाखान्याला बोल लावता आला नसता.

म्हणून बेंजो खाली काढला. धूळ पुसली, तारा बदलल्या, चाल धरली. सूर आले. ती आली नाही. तिचा आवाज वरच्या सुरावरून खाली यायचा तो उतारावरून बैलगाडी यावी तसा, मधली सगळी वाट घेऊन. बेंजोची बटणं म्हणजे जिना. एक पायरी, मग दुसरी पायरी. मधल्या जागेत बेंजोला पायच ठेवता येत नाही. तीस वर्षं वाजवलेलं वाद्य मला त्या दिवशी पहिल्यांदा मुकं वाटलं.

तार उघडी पाहिजे, बटण नको, एवढं मला कळलं. आणि आवाज विजेवर पाहिजे, कारण नुसत्या लाकडाचा सूर माझ्या कानाला आता पुरत नाही. कर्ण्यांशेजारी बसून बसून कान गेलेत. म्हणून इलेक्ट्रिक गिटार. म्हणून बारामती.

दुकानदार म्हणाला, "काका, नातवासाठी का?"

"माझ्यासाठी."

तिथं तो दाढीवाला बसला होता. गिटार शिकवतो म्हणे. गळ्यात त्याची स्वतःची महागडी गिटार अडकवलेली. दुकानदारानं सगळ्यात स्वस्तातली खाली काढली, काळी, चकचकीत, आणि दाढीवाल्यानं मला तिचे दोष सांगायला सुरुवात केली. वरपक्षासमोर नवरीचे दोष सांगावेत तसे. तारा मानेपासून फार उंच, दाबायला जीव जातो. खुंट्या सैल, सूर टिकत नाही. फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं हाताला कापतात. पिकअप, म्हणजे आतली कॉइल, घुरघुरतो. लाकूड हलकं.

"काका, थोडं थांबा, पैसे साठवा आणि चांगली घ्या," तो म्हणाला.

"माझ्या वयाला थांब म्हणतोस व्हय?" मी म्हणालो. "बांध रं ही."

दुकानदारानं बांधली.

घरी आल्यावर मी पहिली चूक केली, आणि ती चूक बेंजोवालाच करू जाणे. बेंजोच्या सगळ्या तारा एकाच सुरात असतात. वाद्य हातात आलं की आधी सगळ्या तारा 'सा'ला आणायच्या, हे माझ्या हातात इतकं मुरलेलं की मी विचारच केला नाही. गिटारीच्या सहा तारा सहा जाडीच्या असतात, हे डोळ्यांना दिसत होतं, हातांना पटत नव्हतं. जाड तार पिळत पिळत वर आणली. ती कण्हायला लागली. मी म्हणालो, ये, ये. ती तुटली आणि गालावर फटका देऊन गेली. मी दुसरी घेतली. तीही गेली. सूनबाई दारात उभी होती. घरात माणूस गेल्यापासून ती हसली नव्हती, ती तोंडाला पदर लावून हसली.

"मामा, तिनं तुमच्या मुस्काटात मारली," ती म्हणाली.

"मारंना. नवी हाय. वळण लागंल."

मग तिनं मोबाइल काढला. म्हणाली, ही गिटार घेतलेल्या लोकांनी काय काय लिहिलंय बघते. ती इंग्रजीतलं वाचायची आणि मराठीत सांगायची. एकानं लिहिलं होतं, भिंतीवर टांगायला छान. एकानं लिहिलं, पैशाच्या मानानं बरी, पण तारा जमिनीपासून आभाळाइतक्या उंच. एकानं लिहिलं, बोटं रक्ताळली. एकानं लिहिलं, घुरघुर एवढी की फ्रीज वाजवतोय असं वाटतं. आणि एकजण म्हणाला, शिकायला घेऊ नका, मन मोडेल.

"मन मोडंल म्हणं," मी म्हणालो. "ह्याचं काय मोडलंय आजवर, इचार त्याला."

पण एक कबूल करतो. सांगितलेले दोष खरे होते. नव्या तारा चढवून, सूनबाईनं मोबाइलवर दाखवलं तसं मी गिटार छातीशी उभी धरली आणि आठ दिवस धडपडलो. शेतातली बोटं, वर बटणं दाबायची सवय. तार खरोखर उंच होती. दाबली की बोटात घुसायची आणि सूर चढून वेडावाकडा व्हायचा. नवव्या दिवशी मी चिडून ती मांडीवर आडवी टाकली, बेंजो टाकतो तशी. आडवी पडल्यावर ती मला ओळखीची वाटली. हात आपोआप जागेवर गेले. फक्त दाबायला बटणं नव्हती.

भवानीनगरला एक फिटर माझ्या ओळखीचा, ट्रॅक्टरची इंजिनं खोलतो. त्याच्याकडून पिस्टनची जुनी पिन आणली. गुळगुळीत, जड, मुठीत मावेल एवढा लोखंडाचा नळा. ती पिन तारांवर नुसती टेकवली, दाबली नाही, आणि खाली सरकवली.

सूर उतरला. मधली सगळी वाट घेऊन उतरला.

मी पिन बाजूला ठेवली, बाहेर जाऊन गोठ्यापाशी उभा राहिलो, आणि पुन्हा आत आलो. तेवढंच सांगतो.

आता त्या दाढीवाल्याला आणि मोबाइलवरच्या रडणाऱ्यांना सांगायचं ते हे. आडवी गिटार पिन सरकवून वाजवायची तर तारा उंचच पाहिजेत. खाली असल्या तर पिन पट्ट्यांवर आपटते, खडखड होते. ज्याच्या महागड्या गिटारीच्या तारा मानेला चिकटलेल्या, त्याला आधी तारा उचलून घ्याव्या लागतील. माझ्या स्वस्तातलीच्या कारखान्यातूनच उचललेल्या आल्या. खुंट्या सैल होत्या, तर त्यांच्या मागचे स्क्रू आवळले. पट्ट्यांची टोकं बोचत होती, कानस मारली. घुरघुर मला नवी नव्हती, बेंजोही घुरघुरायचा. गिटारीचं पोट उघडलं, भाकरी गुंडाळायच्या चकचकीत कागदाची चांदी आत चारी बाजूंनी चिकटवली, तिला एक वायर जोडून कथलाचा डाग दिला. फ्रीज बंद झाला. लाकूड हलकं, हे त्यांनी दोष म्हणून लिहिलंय. सत्तरीच्या मांडीवर ठेवून बघा, मग लिहा.

आणि सुराचं म्हणाल तर मी माझ्या सवयीला अर्धीच मुरड घातली. सगळ्या तारा 'सा'ला येत नाहीत तर 'सा' आणि 'प', आळीपाळीनं. गिटारवाले तसं लावत नाहीत म्हणे. लावू नयेत.

चाल सापडायला लागली. हरवलेला मधला तुकडा मला आठवला नाही, पिनीला आठवला. सरकवता सरकवता एक जागा अशी आली की माझी मान आपोआप स्वयंपाकघराकडं वळली.

मग गावाला ऐकू गेलं. भावकीतले थोरले, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते काठी टेकत आले. आमच्याकडं माणूस गेल्यावर वर्ष फिरेपर्यंत घरात वाद्य वाजत नाही. सण नाही, गोडधोड नाही, वाद्य नाही.

"तात्या," ओसरीवर बसत नाना म्हणाले, "वरीस फिरलं न्हाय आजून. घरात वाजाप?"

"वाजाप न्हाय, नाना. सराव हाय."

"कसला सराव? ह्या वयात कुणाच्या वरातीत जायचंय तुला?"

"झाली तर आता माझीच. तुमी या म्होरं नाचाय."

"चेष्टा करू नगं. लोक नावं ठेवत्यात."

"ठेवू द्या. मशीन चालू आसली की मला ऐकू येत न्हाय."

नाना काठी आपटत म्हणाले, "आरं, तिच्या जीवाला शांती मिळू दे की. तिकडं तिला तरास व्हतो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. "तिची चाल हाय ती, नाना. तिला तरास व्हत आसंल तर ती मला सांगंल. तुमच्या तोंडून कशाला सांगंल? जिती हुती तवर तुमच्या म्होरं तिनं कधी तोंड उघडलं न्हाय."

 सूनबाईनं चहा आणला. नानांनी तो बशीत ओतून प्यायला, उठले, आणि जाताना म्हणाले, "निदान आवाज कमी ठेव." मी ठेवला नाही.

त्याच दुपारी मी सूनबाईला म्हणालो, ते मोबाइलवरचे लोक लिहितात तिथं माझंही लिही. तिनं विचारलं, चांदण्या किती देऊ, पाचातल्या? मी म्हणालो, चार. एक राखून ठेव, माझ्या मुस्काटीची. मग सांगितलं ते असं:

'गिटार बरी आहे. तारा उंच म्हणून रडू नका, आडवी घ्या. टोकं बोचली तर कानस घ्या. खुंट्या सुटल्या तर आवळा. घुरघुर आली तर पोट उघडून चांदी लावा. लाकूड हलकं आहे, म्हाताऱ्यांना सोयीचं. ज्याला वाढलेलं ताट पाहिजे त्यानं घेऊ नये. ज्याला चूल पेटवता येते त्यानं घ्यावी.'

दोन दिवसांनी खाली कुणीतरी लिहिलं, 'अंकल, गिटार आडवी धरत नाहीत.' सूनबाईला म्हणालो, लिही, आमच्यात धरतात.

पण चाल बरोबर आहे की नाही हे ठरवणार कोण? मोबाइलवरचे नाहीत, दाढीवाला नाही, नाना तर नाहीतच. ते सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, बायकोची धाकटी बहीण. बावड्याला राहते. त्याच आईच्या चुलीपुढं वाढलेली. मी गिटार खताच्या धुतलेल्या पोत्यात घातली, छोटी मशीन पिशवीत घेतली आणि इंदापूरवरून एसटी बदलून बावडा गाठला.

मेव्हणी अंगणात शेंगा फोडत बसली होती. पोत्याकडं बघून म्हणाली, "दाजी, काय आणलं? बोकड हाय का काय?"

"बोकड न्हाय. ऐक आन सांग, बरूबर हाय का."

"काय ऐकू?"

"ऐक म्हणतो न्हवं."

आत खाटेवर बसलो, वायर जोडली, गिटार मांडीवर घेतली. तिच्या तोंडाकडं न बघता वाजवली. पहिला फेरा, दुसरा, तिसरा, प्रत्येकाची वाट वेगळी. तिसऱ्याच्या शेवटी पिन उचलली. शेंगांचा आवाज केव्हाच थांबला होता. ती दारात उभी होती, ओच्यात शेंगा तशाच.

"ताईच हाय," ती म्हणाली. डोळे पुसले, नाक ओढलं, आणि पुढं म्हणाली, "पर चुकलं."

"कुठं चुकलं?"

"चौथा फेरा कुठाय?"

"चौथा न्हायच. तीनच हायती."

"न्हाय कसा? आई चार म्हणायची. मी चार म्हणते. ताई बी चारच म्हणायची माहेरात."

"माझ्या घरात तीनच म्हणायची. मी काय भैरा हाय?"

 ती ओच्यातल्या शेंगा सुपात टाकत, माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "तुमच्या घरात तवा तापला की तुमची हाक यायची. 'झालं का न्हाय आजून?' मी माझ्या बाळंतपणाला तुमच्याकडं ऱ्हायले तवा रोज बघितलंय. तिसऱ्या फेऱ्याला हाक यायची आन ताई गप व्हायची."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा रागच आला. "मंग तिनं म्हणायचं की, थांबा म्हणून!"

"म्हणली आसती तर थांबला आसता?"

मी वायर काढली, गिटार पोत्यात कोंबायला लागलो. "माझ्या बायकूची चाल तीनच फेऱ्यांची. मी तेवढीच वाजवणार. चार तुज्या आईची आसंल."

"वाजवा," मेव्हणी म्हणाली. "अर्धीमुर्धी ताई घिऊन जावा."

पोत्याचं तोंड माझ्या हातात होतं. मी बांधलं नाही.  तिनं पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवला आणि परत शेंगा फोडायला बसली.  मला जायचं असतं तर गेलो असतो, एसटी होती.

"म्हण," मी म्हणालो.

"काय?"

"चौथा."

तिनं शेंगांवरच हात ठेवून म्हटला. तिचा आवाज फाटका, बहिणीचा नव्हता. पण चाल खाली गेली, तिसऱ्या फेऱ्याच्याही खाली, माझ्या जाड तारेच्या उघड्या सुराखाली गेली, आणि तिथं थोडा वेळ थांबून, एक वळण घेऊन परत घरी आली. एवढी मोठी जागा त्या चालीत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. शब्दही होते. ते मी इथं लिहीत नाही, ते त्या बहिणींचे आहेत.

मी गिटार परत मांडीवर घेतली. जाड तार उतरवली. खुंटी घसरली, मी आवळली. पुन्हा उतरवली. सूर धरला, पिन सरकवली. वळण चुकलं.

"पुन्हा म्हण," मी म्हणालो.

तिनं म्हटलं. मी वाजवलं. चुकलं.

"पुन्हा म्हण."

"आता तुमास्नी घाई न्हाय व्हय?" मेव्हणी म्हणाली. टोमणाच होता. मी तो घेतला.

"न्हाय," मी म्हणालो. "म्हण तू."

त्या दिवशी दोन एसट्या सोडल्या. ती भाकरी करायला आत गेली तरी तिथून म्हणत होती आणि मी बाहेरून वाजवत होतो. भाकरी कधी होईल हे मी विचारलं नाही. तिनं ताट आणून ठेवलं तेव्हा जेवलो.

हे लिहितोय तेव्हा वर्ष फिरायला अजून दोन महिने आहेत. मी रोज वाजवतो. नाना परत आले नाहीत, पण त्यांचा निरोप येतो, मी निरोप्याला चहा पाजून पाठवतो. वर्षश्राद्धाला मेव्हणी येणार आहे. त्या दिवशी मी चारही फेरे वाजवणार आहे, पानं वाढायच्या आधी, ओसरीवर, मशीन लावून. ज्याला चालत नसेल त्यानं नुसतं जेवायला यावं, ऐकायला येऊ नये.

चौथा फेरा अजून पुरता येत नाही. वळणाशी पिन अडखळते. दाढीवाला म्हणेल, बघा, सांगितलं होतं, स्वस्तातली आहे. गिटारीला बोल लावायचा नाही. तीन फेरे मी फुकट ऐकले होते ते तिनं जसेच्या तसे काढून दिले. चौथा मी ऐकलाच नव्हता, तो ती कुठून काढणार?